किल्ली कुणाच्या खिशात?



कौटुंबिक हिंसाचाराच्या केसची तारीख होती. अकरा वाजता पुकारा होणार, म्हणून मी साडेदहापासून कोर्टाच्या आवारात उभी होते. आमच्या कामाच्या पट्ट्यातल्या एका गावातून ती येणार होती. आदल्या दिवशी तिला तीनतीनदा बजावले होते: कागदांची पिशवी आण, दवाखान्याची चिठ्ठी आण, उशीर करू नकोस. पावणेअकराला ती आली. नवऱ्याच्या मोटारसायकलवर, डबलसीट. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याच्याच मागे बसून, कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून.

मी बघतच राहिले. ती मान खाली घालून म्हणाली, "ताई, नऊची बस आलीच नाही. रिक्षावाला सीट भरल्याशिवाय निघेना. तारीख चुकली तर तुम्ही रागवाल. हे म्हणाले, चल, मी सोडतो."

वाटेत अर्धा तास तो तिच्याशी काय बोलला असेल हे सांगायला नको. त्या दिवशी तिने न्यायाधीशांसमोर सांगितले, "आमची समजूत झाली आहे." अर्ज मागे घेतला गेला. परत जातानाही ती त्याच गाडीवर बसली.

मी तिच्यावर चिडले. एवढी मेहनत, एवढे समजावणे, सगळे वाया. आठवडाभराने डोके शांत झाल्यावर मात्र लक्षात आले की आम्ही तिला कायदा दिला, वकील दिला, धीर दिला. कोर्टापर्यंत जायला स्वतःची वाट दिली नाही. ती वाट म्हणजे नऊची बस होती. ती बस कुठल्या सेवेची होती याला फारसे महत्त्व नाही. असे महाराष्ट्रात कुठेही घडते, रोज घडते. फक्त त्याची नोंद 'अत्याचार' या सदरात होत नाही.

'लोक' म्हणजे कोण?

बससेवेविषयी बोलणे निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते: "बस वेळेवर येत नाही, म्हणून लोक मोटारसायकली घेतात." वाक्य खरे आहे, पण अर्धेच. यातले 'लोक' कोण? घरात एक गाडी येते. तिचा हप्ता घरखर्चातून जातो, कधी बायकोच्या बचत गटातल्या कर्जातून जातो. गाडी मात्र 'त्याची' असते. किल्ली त्याच्या खिशात, पेट्रोल किती भरायचे ते त्याच्या मनावर, आणि गाडी दिवसभर त्याच्या कामाच्या ठिकाणी उभी. बाई त्या गाडीवर बसते ती कुणीतरी 'सोडायला' किंवा 'आणायला' येणार असेल तर. म्हणजे बसच्या वाईट कारभारातून पुरुषाला गाडी मिळाली, आणि बाईला मिळाला सोडणारा.

आकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत शंभरांतल्या एकवीस घरांत दुचाकी होती. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण जवळपास पन्नास झाले. दहा वर्षांत दुपटीहून जास्त. प्रगतीचे लक्षण म्हणून हा आकडा मिरवला जातो. पण २०११ च्याच जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांना विचारले गेले की तुम्ही कामावर कसे जाता. उत्तर आपल्या ओळखीचे आहे. पायी आणि बसने जाणाऱ्यांचे प्रमाण बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, आणि दुचाकीने जाणाऱ्यांचे कितीतरी कमी. गाडी घरात आली म्हणून बाईच्या पायांखाली आली असे होत नाही.

याचा पुढचा भाग आणखी वाईट आहे. ज्याच्याकडे गाडी आली तो बसथांब्यावरून उठून जातो. आणि थांब्यावर आरडाओरडा करणारा, डेपोत जाऊन भांडणारा, नगरसेवकाला अडवणारा बहुधा तोच असतो. तो गेला की उरतात बायका, म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. त्यांचा आवाज कोण ऐकतो? मग एक फेरी बंद होते, मग दुसरी. रस्त्यावर मोटारसायकली वाढतात, कोंडी वाढते, उरलीसुरली बस त्या कोंडीत अडकते आणि आणखी उशिरा येते. आणखी चारजण कंटाळून गाडीचे फॉर्म भरतात. हे चक्र फिरत राहते आणि दर फेऱ्याला थांब्यावरची बाई आणखी एकटी पडते.

आंबिवलीची गोष्ट

आंबिवली हे मध्य रेल्वेवर कल्याणपासून कसाऱ्याकडे दुसरे स्टेशन. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतले. शेजारी मोहने, तिथे एन. आर. सी. ही रेयॉनची मोठी कंपनी. एके काळी या भागाचे सगळे आयुष्य कंपनीच्या भोंग्यावर चाले. वसाहत कारखान्याला लागून, त्यामुळे कामावर पायी जायचे किंवा सायकलने. बसची गरज होती, पण पोट बसवर अवलंबून नव्हते.

२००९ साली कंपनी बंद पडली. हजारो कामगार घरी बसले आणि थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षे लढत राहिले. पुरुषांच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा घरे कुणी चालवली? बायकांनी. पण त्यांना मिळालेले काम दाराशी नव्हते. कुणी कल्याणच्या नव्या इमारतींत धुणीभांडी आणि पोळ्या करायला गेली, कुणी उल्हासनगरच्या शिलाईच्या गाळ्यांत, कुणी भिवंडीच्या गोदामांत पॅकिंगला. काम लांब गेले, पण त्याच्या मागोमाग बस गेली नाही.

लोकल आहे की, असे कुणी म्हणेल. आहे. पण कसारा मार्गावर गाड्या डोंबिवलीसारख्या मिनिटामिनिटाला नाहीत, एक चुकली की पुढचीची बराच वेळ वाट बघायची. शिवाय लोकल फक्त रुळांवरून जाते. भिवंडीच्या गोदामाच्या दारात जात नाही, सरकारी दवाखान्याच्या दारात जात नाही, आणि आतल्या पाड्यातून स्टेशनपर्यंतही आणून सोडत नाही. स्टेशनच्या अलीकडे आणि पलीकडे बसच लागते. बस नसेल तर शेअर रिक्षा, म्हणजे चौथी सीट ड्रायव्हरच्या शेजारी, अंग चोरून. तीन घरांची धुणीभांडी करणाऱ्या बाईने रोज दोन्ही वेळा दोन-दोन रिक्षा बदलल्या तर एका घराचा पगार रिक्षातच जातो.

कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ साली झाली. तिची परिवहन सेवा सुरू व्हायला १९९९ साल उजाडले. शहरातली बससेवा कशी असावी याचे मापदंड केंद्राच्या नगरविकास खात्याने ठरवून दिले आहेत. चांगली सेवा म्हणायची तर हजार लोकांमागे ०.६ बस हवी. २०११ साली या शहराची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. गुणाकार करा. साडेसातशे बस हव्यात. त्यानंतरच्या दशकात प्रत्यक्ष रस्त्यावर धावणाऱ्या बस याच्या पाव हिश्शापर्यंतही पोचल्या नाहीत. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू योजनेतून नव्या बस आल्या, तर चालक-वाहक नाहीत म्हणून त्यांतल्या कित्येक आगारात उभ्या राहिल्या. गाडी आहे, माणूस नाही. भरती नाही, कारण पैसा नाही. आणि पैसा नाही कारण म्हणे सेवा तोट्यात आहे.

वाट बघण्याचा हिशेब

बस उशिरा येते हा त्रास आहेच, पण ती कधी येईल हे कळत नाही, हा खरा जाच. अर्ध्या तासाने बस असेल आणि ती नेमाने येत असेल, तर बाई आपले काम त्याप्रमाणे लावते. स्वयंपाक, पाणी, मुलांचे डबे, सगळे घड्याळावर बसवते. पण अर्ध्या तासाच्या बसमधली एक फेरी रद्द झाली की वाट तासाची होते, आणि आज कुठली रद्द होणार हे कुणालाच ठाऊक नसते. मग कामाला आठला पोचायचे असेल तर ती सहालाच थांब्यावर येते. बस वेळेत आली तर मालकिणीच्या दारात तासभर उभी राहते, नाही आली तर खाडा पडतो. दोन्ही बाजूंनी तोटा तिचाच.

हा तास येतो कुठून? तिच्या झोपेतून. पुरुषाने मोटारसायकल घेतली तेव्हा त्याने हा तास विकत घेतला. त्याला मी दोष देत नाही. ज्याला वेळेवर पोचले नाही तर काढून टाकतात, तो कर्ज काढून खात्री विकत घेणारच. पण घरातल्या दोघांपैकी एकाच्याच वेळेची किंमत हप्त्याने फेडली जाते, दुसरीचा वेळ फुकटच धरला जातो. घरकाम फुकट धरले जाते, तसाच.

आणि बाईचा प्रवास सरळ नसतो. पुरुष घरून कामावर जातो आणि कामावरून घरी येतो. बाई वाटेत मुलाला अंगणवाडीत सोडते, येताना रेशन घेते, सासूचे औषध आणते, भाजी बघते. चार ठिकाणी उतरायचे म्हणजे चार वेळा वाट बघायची, चार वेळा भाडे द्यायचे. बसचे मार्ग आखणाऱ्यांच्या डोक्यात मात्र सकाळी स्टेशनकडे जाणारा आणि संध्याकाळी परतणारा नोकरदार असतो. दुपारी बारा ते चार फेऱ्या कमी, कारण 'तेव्हा गर्दी नसते'. तेव्हा कोण असते? दवाखान्यातून परतणारी गरोदर बाई.

टाळेबंदीने दाखवलेला आरसा

ज्यांना हे अतिशयोक्त वाटते त्यांनी २०२० साल आठवावे. मार्चमध्ये मुंबईची लोकल बंद झाली. १५ जूनपासून ती सुरू झाली, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. घरकामगार अत्यावश्यक नव्हती, गोदामातली बाई अत्यावश्यक नव्हती. त्या महिन्यांत कल्याण-डोंबिवलीतून निघणाऱ्या बसला झुंबड उडे, तासन्‌तास रांगा लागत. ज्यांना जमले त्यांनी जुन्यापान्या मोटारसायकली घेतल्या आणि चाळीस-पन्नास किलोमीटरची रपेट सुरू केली. ज्यांना जमले नाही त्या घरी बसल्या.

मग २१ ऑक्टोबरपासून सर्व बायकांना लोकलची मुभा मिळाली. केव्हा? सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. कामाला आठला लागणाऱ्या बाईने अकराच्या गाडीत बसून काय करायचे? ज्याने ही वेळ ठरवली त्याच्या डोळ्यांसमोरची बाई खरेदीला निघाली होती, कामाला नव्हे. सार्वजनिक वाहन बंद पडले की कोण चालते राहते आणि कोण घरात कोंडले जाते, हे त्या वर्षाने स्वच्छ दाखवले.

तीन उत्तरे, तिन्ही अपुरी

पहिले उत्तर: "बायकांनीही स्कूटी शिकावी." जरूर शिकावी. १९९१-९२ च्या सुमारास तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो खेडूत बायका सायकल शिकल्या आणि त्यांनी गावचे रस्ते आपले केले. चाकाने बाईला मोकळे केले याचा याहून सुंदर दाखला नाही. पण ज्या बाईच्या नावावर घर नाही, बँकेत पत नाही, लायसन काढायला दिवस नाही, तिला स्कूटी कोण देणार? साठीच्या बाईचे काय? दोन पोरे आणि डबा घेऊन निघालेलीचे काय? शिवाय २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत चव्वेचाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. सरकारने बस द्यायची नाही आणि प्रत्येकाने आपला जीव मुठीत धरून आपापली सोय करायची, याला स्वावलंबन म्हणत नाहीत.

दुसरे उत्तर: "सवलत दिली ना!" १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त बायकांना अर्धे तिकीट झाले. दिल्लीत ऑक्टोबर २०१९, तामिळनाडूतल्या साध्या बसमध्ये मे २०२१ आणि कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांचा प्रवास मोफत झाला. या योजनांना नाके मुरडणाऱ्यांत मी नाही. भाडे कमी झाल्याबरोबर बायका घराबाहेर पडल्या, माहेरी गेल्या, बाजाराला गेल्या. म्हणजे त्यांना जायचे होते, पैसे नव्हते, एवढे सिद्ध झाले. पण न आलेल्या बसचे अर्धे तिकीट किती होते? शून्याचे अर्धे शून्यच. सवलत जाहीर करायला एक पत्रकार परिषद पुरते. फेरी रोज वेळेवर सोडायला चालक लागतो, मेकॅनिक लागतो, सुटे भाग लागतात, आणि लाज लागते. आम्हाला सवलत हवी, पण आधी बस हवी.

तिसरे उत्तर: "परिवहन तोट्यात आहे." कल्याण स्टेशनबाहेरचा स्कायवॉक दरवर्षी किती नफा देतो? पत्री पूल २०१८ साली पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत खुला झाला, तेव्हा त्याच्या नफ्या-तोट्याचा ताळेबंद कुणी मागितला? नाही मागितला, आणि मागूही नये. कारण पूल ही सगळ्यांची गरज आहे. मग मोटारीसाठी बांधलेला पूल 'विकास' आणि बाईसाठी सोडलेली बस 'तोटा', हे कुठले अंकगणित? ही पुरुषप्रधान व्यवस्थेची खतावणी आहे. तिच्यात बाईचा वेळ, बाईचा खाडा आणि बाईचे मागे घेतलेले अर्ज लिहायला रकानाच नाही.

आपलेही चुकले

आता आपल्याकडे बोट करते. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. मृणालताईंनी पाण्यासाठी एवढ्या लढाया केल्या की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. पाणी, रॉकेल, धान्य हे बायकांचे प्रश्न आहेत हे त्या पिढीने ठणकावून सांगितले. आपण हुंडा, मारहाण, बलात्कार यांच्यावर बोललो, आणि बोललेच पाहिजे होते. पण बसचा प्रश्न आपण 'नागरी समस्या' म्हणून प्रवासी संघटनांकडे सोपवून मोकळ्या झालो.

याचे एक कारण मी माझ्यापुरते सांगते. चार वर्षांपूर्वी मी कर्ज काढून स्कूटर घेतली. परवा जुन्या डायऱ्या चाळल्या. स्कूटर घेण्यापूर्वीच्या डायरीत पानोपानी बसची नोंद आहे: आज पाऊण तास थांबले, आज मीटिंग अर्धी झाली. स्कूटर आल्यानंतरच्या डायऱ्यांत बसचा एक शब्दही नाही. बस सुधारली नव्हती. मी थांब्यावरून उठून गेले होते, त्या पुरुषांसारखीच. एवढेच नाही. त्यानंतर आमच्या बैठकांची वेळ हळूहळू संध्याकाळी सातची झाली, कारण आम्हा कार्यकर्त्यांना ती सोयीची होती. वस्तीतल्या बायका कमी येऊ लागल्या. आम्ही अहवालात लिहिले, 'सहभाग कमी झाला.' परतीची बस नाही, असे लिहायला हवे होते.

मग करायचे काय?

स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना देणारा कायदा महाराष्ट्राने २०११ साली केला. पण कल्याण-डोंबिवलीत २०२० च्या नोव्हेंबरमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. म्हणजे भांडायला बाई नगरसेविकाही नव्हती. आता मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आणि प्रत्येकीला थांब्यावर उभे करून पाच गोष्टी विचारूया.

एक, प्रत्येक थांब्यावर वेळापत्रक लावा, आणि महिन्याला किती फेऱ्या रद्द झाल्या ते त्याच थांब्यावर जाहीर करा. दोन, मापदंडाप्रमाणे बस आणि त्या चालवायला कायम चालक-वाहक द्या, त्यांत बायकांचीही भरती करा. तीन, मार्ग आखताना दवाखाना, कोर्ट, बाजार आणि आतले पाडे धरा, आणि लोकलच्या वेळांशी बस जोडा. चार, दुपारच्या फेऱ्या आणि रात्रीची शेवटची बस काहीही झाले तरी रद्द करायची नाही. पाच, थांब्यावर दिवा, बसायला बाक आणि जवळ स्वच्छतागृह.

पण मागणीला पुरावा लागतो, आणि पुरावा आपणच गोळा करायचा आहे. प्रत्येक बचत गटाने एक शंभर पानी वही घ्यावी. बस कधी यायची होती, कधी आली, आलीच नाही तर काय झाले, एवढे तीन रकाने. खाडा पडला, लिहा. मुलीचा पेपर चुकला, लिहा. दिराला विनवावे लागले, लिहा. लिहिता येत नसेल तिने शाळेतल्या पोरीला सांगावे. महिनाभराने या सगळ्या वह्या डोक्यावर घेऊन आपण परिवहनच्या कार्यालयात जाऊ आणि मोठ्याने वाचून दाखवू. प्रशासनाला निवेदन फाईलला लावता येते, शंभर बायका वाचत असलेल्या वह्या लावता येत नाहीत. आणि बैठका आजपासून शेवटच्या बसच्या आधी संपवूया.

त्या दिवशी अर्ज मागे घेतलेली ती बाई परवा पुन्हा आली. यावेळी पायी, पोराला कडेवर घेऊन. म्हणाली, "ताई, पुन्हा केस टाकायची." मी कागद काढले. तिने विचारले, "तारखेला यायचे कसे?"

वहीच्या पहिल्या पानावर मी तिचा हा प्रश्न लिहिला आहे. उत्तर आपल्याला सगळ्यांनी मिळून मिळवायचे आहे.